तंबाखूचा रकाना

५ ऑगस्ट २०२४, सोमवार, सकाळी सव्वासात. खर्च शून्य रुपये. हजर माणसं दोन: मी आणि आमच्या गल्लीतली आशाताई. फॉर्म ज्या बाईचा होता ती, म्हणजे माझी आई, मागं गोठ्यात म्हशीची धार काढत होती.

सोमवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते, म्हणून मी घरी होतो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या स्टोअरला मी सत्तावीस वर्षं आहे. काट्यावरचं वजन, चलनावरचं वजन आणि रजिस्टरातलं वजन जुळल्याशिवाय मी सही करत नाही. यावरून माझी चेष्टा होते तेही मला ठाऊक आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या सकाळी मी एका सरकारी कागदासाठी चुकीची माहिती दिली आणि तिच्याखाली सहीही केली.

आशाताई म्हणजे घरोघर फिरून गावाच्या तब्येतीची चौकशी करणारी बाई. गावातल्याच बायकांतून सरकार तिला निवडतं. आमची आशाताई चार घरं सोडून राहते, गल्लीची सून आहे, त्यामुळं मला भावजी आणि आईला आत्ती म्हणते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म तिला भरायचा होता. वय, वजन, कंबर, घरात कुणाला शुगर, कुणाला बीपी. मी एकेक उत्तर देत गेलो.

"आत्ती तंबाखू, गुटखा, बिडी?"

"आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी नाही."

"इचारायला लागतं भावजी, छापलंय तसं."

"मग आत जाऊन तिलाच विचारा. चपलीनं मारंल."

ती हसली आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. पुढचा प्रश्न होता: तोंडात जखम, डाग, तिखट सहन न होणं?

इथं मी थांबलो. दोन महिने आमच्या घरात एक भांडण चालू होतं. आई जेवायला बसली की म्हणे, "चटणी लई पडलीया आज." कांदालसणाची वर्षाची चटणी आईच्याच हाताची, प्रमाणही तिचंच. त्या चटणीनं तिलाच तिखट लागावं हे बायकोला पटत नव्हतं. सासू टोमणा मारते असं समजून ती एक दिवस आमटी सपक करी, दुसऱ्या दिवशी मुद्दाम लाल. मी दोघींच्या मध्ये बसून जेवत होतो आणि हे सासू-सुनेचं आहे असं समजून गप्प होतो.

"तिखट लागतंय म्हणते खरं," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "खरंच लागतंय व्हय त्यास्नी?" तिचा चेहरा एकदम पडला.

आशाताईनं तिथं 'होय'ची खूण केली. "पुढल्या सोमवारी उपकेंद्रात आणा. मॅडम बघतील. तोंडाचं हाय, लांबवू नका."

उपकेंद्र म्हणजे गावातला सगळ्यात लहान सरकारी दवाखाना. शाळेच्या मागं दोन खोल्या, पुढं व्हरांडा, कडेला लिंबाचं झाड. माझ्या मुलांना लस तिथंच टोचली. त्यापलीकडं तिथं काही होत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता तिथं एक मॅडम नेमलेल्या असतात. आमच्या मॅडम गडहिंग्लजकडच्या, वय फार तर सत्तावीस, आणि म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणणाऱ्या.

"अव्वा, आ करा. आणखी मोठा. तंबाखू खाता का?"

आईनं तोंड मिटलं. "छ्या! मी काय गडी हाय व्हय तंबाखू खायाला?"

मॅडमनी बॅटरी डाव्या गालाच्या आत धरली, लाकडी पट्टीनं गाल बाजूला केला आणि मला बोलावलं. मीही पाहिलं. रुपयाएवढा पांढरा डाग होता, दुधाची साय चिकटून बसावी तसा. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं पुसून पाहिला. निघाला नाही.

"हे मी इथं ठरवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "वर पाठवते."

मी लगेच म्हणालो, "वर म्हणजे थेट कोल्हापूरला नेतो. मोठ्या दवाखान्यातच."

"न्या की, कोण अडवतंय? पण तिथं हजार माणसांत तुम्ही नवे. कागद नाही, रक्त तपासलेलं नाही. ते पहिल्यापासून सुरू करणार. माझी चिठ्ठी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावा. तिथं डॉक्टर आहेत, रक्त-शुगर होईल. मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथं दाताच्या डॉक्टर असतात. त्यांना वाटलं तर मग कोल्हापूर. आणि प्रत्येक ठिकाणाहून मला फोन येतो, पोचला का म्हणून. हरवायचा नाही तुम्ही."

शेवटचं वाक्य मला पटलं. आमच्या कारखान्यातही गेटवर, लाइनवर आणि लॅबमध्ये माल तपासला जातो, आणि जो माल गेटची चिठ्ठी चुकवून सरळ लॅबमध्ये जातो त्याचाच घोळ होतो. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. वरच्या ओळीत लिहिलं होतं: वय ६८, स्त्री, डाव्या गालात पांढरा डाग, तंबाखू – नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्यापासून सात किलोमीटर. भिंतीवर एक फलक होता: पाच हजार लोकवस्तीमागं एक उपकेंद्र, तीस हजारांमागं एक प्राथमिक केंद्र. बाकड्यावर बसल्याबसल्या मी हिशेब केला, म्हणजे सहा उपकेंद्रांचा माल या एका गेटवर येतो. आई म्हणाली, "काय पुटपुटतोस रं? देवाचं नाव घे त्यापेक्षा."

डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी बीपी घेतलं, रक्त घ्यायला लावलं, शुगर आली ती बरी होती. डाग पाहिला आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"तंबाखू नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"दारू?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी म्हणालो, "नाही हो."

"मग हा कशानं आला?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले आणि तेच शब्द नव्या कागदावर उतरवले. तंबाखू – नाही.

ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टर बाई होत्या. आईनं त्या दिवशी जायच्या आधी दंतमंजन लावून, मीठ लावून, कडुनिंबाची काडी चावून तोंड इतकं घासलं होतं की हिरड्यांतून रक्त आलं. दवाखान्यात घाण तोंड घेऊन जाऊ नये म्हणून. डॉक्टर बाईंनी डागासमोर एखादा दात टोकदार आहे का ते पाहिलं, नव्हता. दात काळे का, पान खाता का, असं विचारलं. "कवातरी लग्नात," आई म्हणाली. तेही कागदावर आलं.

आईला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं, "घाबरवत नाही, पण स्पष्ट सांगते. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात असा डाग दिसला तर कारण समोर असतं. ज्याला कसलीच सवय नाही त्याच्या तोंडात आला, तर तो कॅन्सरकडं वळण्याची भीती आम्ही जास्त धरतो. तुकडा काढून तपासायला हवा. कोल्हापूरची तारीख लावून देते."

हे मला कुणी उलगडून सांगायला नको होतं. कास्टिंगला चीर पडली आणि वाळू ओली होती असं कळलं, तर आम्ही एवढं घाबरत नाही. वाळू बरोबर, लोखंडाचा रस बरोबर, साचा बरोबर आणि तरीही चीर, असं झालं की अख्खा लॉट बाजूला काढतात. आमच्याच खात्यात एका माणसाचा अर्धा जबडा काढला होता. तो कामावर परत आला, पण डबा खायला कधी आमच्यात बसला नाही. गाडीवर मागं बसलेली आई विचारत होती, "काय म्हणाली रं ती?" मी म्हणालो, "मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाली." आरशात मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता पदर उडताना दिसत होता.

घरी बायकोनं आमटीतली चटणी बंदच केली. सगळ्यांनी सपक खायचं.

कोल्हापूरची तारीख पुढच्या सोमवारची होती. आदल्या बुधवारी सकाळी साडेसहाला आशाताई ती आठवण करून द्यायला आली. माणसं रानात जायच्या आत गाठायची म्हणून ती लवकर फिरते. मी परसदारी अंघोळीचं पाणी काढत होतो, ती तशीच मागं आली.

आई पायरीवर बसली होती. एका हातात पत्र्याच्या डबीचं झाकण, दुसऱ्या हाताचं पहिलं बोट तोंडात. डोळे मिटलेले. बोट दातांवरून मागं-पुढं जात होतं, मग डाव्या गालात जाऊन थांबलं.

आशाताई जागच्या जागी उभी राहिली. "आत्ती, हे काय?"

आईनं थुंकून तोंड मोकळं केलं. "मिसरी. काय तर काय!"

"तुमी मिसरी लावताय?"

"लगीन होऊन आली तवापास्नं. लावल्याबिगार पोट साफ हुतंय व्हय?"

"आवो आत्ती! मग तंबाखू न्हाय म्हणून कसं सांगितलं?"

"तंबाखू कुठं खाती मी? तंबाखू गडी खात्यात. ही मिसरी. दाताला लावायची."

"कशाची करत्यात ती?"

आईनं झाकण डबीवर बसवलं. मग जरा रागानंच म्हणाली, "तंबाखूची."

तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची आणि चुरून पूड करायची, तिला मिश्री म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत ती घरोघर आहे. मागच्या गल्लीतली एक म्हातारी सगळ्यांना भाजून द्यायची, तो वास मी लहानपणापासून ओळखतो. आणि ती डबी, ते बोट, ती पायरी मी कळायला लागल्यापासून रोज सकाळी पाहत आलो होतो. फॉर्म भरताना आईचं वय मी महिन्यासकट सांगितलं होतं.

"भावजी," आशाताई माझ्याकडं वळली, "तुमी तर सही केलाय."

"केलीय," मी म्हणालो.

"माझी सासूबी लावती. मलाबी इचारायचं सुचलं न्हाय बघा." ती कपाळावर हात मारून हसायला लागली. मग आईही हसली, पण डबी पदराखाली घेऊन.

"किती वेळा लावता?"

"सकाळी. दुपारी जेवल्यावर. आन् झोपताना जराशी."

दिवसाला तीन वेळा, पन्नास वर्षं. अंघोळीची बादली हातात धरूनच मी गुणाकार केला. चौपन्न हजार सातशे पन्नास. आणि कागदावर शून्य.

त्याच दिवशी कामावर उशिरा जाईन असा फोन करून मी उपकेंद्रात गेलो. चूक माझी आहे हे मॅडमना आधी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर काढलं, 'नाही'वर एकच रेघ ओढली.

"पूर्ण खोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "जुनं वाचता आलं पाहिजे. बाजूला नवं लिहायचं, तारीख आणि सही."

आमच्या रजिस्टरचाही हाच नियम. त्यांनी लिहिलं: मिश्री, दिवसातून तीन वेळा, पन्नास वर्षं, माहिती आशाताईंनी प्रत्यक्ष पाहून. मग माझ्यासमोरच प्राथमिक केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला फोन करून तिथल्याही नोंदी दुरुस्त करायला सांगितल्या. आणि एक स्वतंत्र चिठ्ठी कोल्हापूरसाठी दिली.

"अव्वांना सांगा, आजपासून बंद."

"ऐकणार नाही."

"तुम्ही सांगू नका. आशाताई सांगेल."

कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही आठ वाजता रांगेत लागलो. तिथं केसपेपर आणि तपासणी मिळून दोनशे वीस रुपये झाले. या सगळ्या प्रवासात दवाखान्यात भरलेले तेवढेच. दंतविभागातला डॉक्टर माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्यानं चिठ्ठ्यांची चळत वाचली, शेवटच्या चिठ्ठीपाशी आला आणि मान वर केली.

"आजी, मिश्री?"

"बंद केलीया. पाच दिस झालं. डोसकं ठणकतंय नुस्तं."

"ठणकू दे. चांगलंय." मग मला म्हणाला, "हे लिहून आणलंत ते बरं झालं. आता कारण हातात आहे, आणि ते काढून टाकता येतं. तुकडा तरीही काढू."

सुई टोचली तेव्हा आईनं माझा हात धरला. बाहेर आल्यावर गालात कापूस धरून तिनं विचारलं, "केवढा काढला रं?"

"ज्वारीच्या दाण्याएवढा."

"मग त्येवढ्याला बघायला धा दिस कशाला लागत्यात?"

ते दहा दिवस गणपतीचे आणि गौरीचे होते. गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, आईनं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मिश्रीवाचून ती चिडचिडी झाली होती. सकाळी पायरीवर जाऊन बसे आणि नुसतं बोट बघे. एकदा मला म्हणाली, "ह्या गालातलं काय वंगाळ निघालं तर मला सांगशील न्हवं? का त्या दिवसासारखं मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणशील?" मी सांगीन म्हणालो. आशाताई रोज येता-जाता कुंपणावरून विचारी, "आत्ती, बोट कोरडं हाय न्हवं?" आई तिला बोट दाखवी.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरनं पाकीट उघडलं, वाचलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "कॅन्सर नाही. आणि त्या वाटेचा बदलही दिसत नाही."

"कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

त्यानं त्या ओळीखाली बोट धरलं. इंग्रजी होती, पण 'नो' मला वाचता आलं. मी ती ओळ दोनदा वाचली. मग मिळेल त्या खुर्चीवर बसलो आणि रुमालानं कपाळ पुसलं. डॉक्टर आईला म्हणाला, "आजी, तुमच्यापेक्षा यांनाच पाणी द्या."

"त्यो तसाच हाय," आई म्हणाली. "काट्यावर उभा केल्याबिगार त्येचा इस्वास बसत न्हाय."

डाग जाईल किंवा लहान होईल, मिश्री परत लावली नाही तर. दर महिन्याला गावातच उपकेंद्रात बॅटरीनं बघायचं, सहा महिन्यांनी इकडं. "म्हणजे एवढं वर येऊन परत तिथंच?" मी विचारलं. "तिथंच," तो म्हणाला, "मला रोज सकाळी आजींचं बोट थोडंच दिसणार आहे?" त्यानं खाली पाठवायची चिठ्ठी लिहून दिली. वर जाताना लागली होती तशीच खाली येतानाही चिठ्ठी लागते, हे मला नवं होतं. ती मी त्याच संध्याकाळी मॅडमच्या हातात दिली आणि त्यांनी रजिस्टरात चिकटवलेली पाहूनच घरी गेलो.

आणखी तीन आठवड्यांनी आई जेवायला बसली, एक घास घेतला आणि भांडं पुढं सरकवलं.

"ह्या आमटीला चटणी घातलीया का न्हाय?"

बायको माझ्याकडं बघायला लागली. मग उठली, चटणीची बरणी आणली आणि तीच आईपुढं ठेवली. आईनं चिमूटभर घेतली, भाकरीला लावली, चावली. थोडा वेळ थांबली. मग आणखी एक चिमूट घेतली. बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, चुलीचा धूर. आमच्याकडं गॅस आहे.

जेवण झाल्यावर आईनं बटव्यातून चाळीस रुपये काढून मला दिले. मागच्या गल्लीतल्या म्हातारीनं तिच्या नावाची मिश्री भाजून ठेवली होती, ती आणायची राहिली होती. "तिचं सरपण गेलंय, तिला दे. पुडी आणू नगंस."

म्हातारी दारातच बसली होती. पैसे बघून म्हणाली, "न्हेली न्हाय तर पैसं कशाचं? खरंच सोडली तुझ्या आईनं?"

"सोडली."

"जमलं तिला?" तिनं नोटा मोजून कनवटीला लावल्या. मग गालावर आतून जीभ फिरवली. "ती तोंड बघणारी पोरगी कवा असती रं तिथं?"

"नऊला उघडतं."

"काय घेती?"

"काही नाही. मी येतो संगं, सोमवारी. आणि विचारलं तर मिश्री लावते म्हणून सांगा, नाही म्हणू नका."

शेवटी दिले ते हे चाळीस रुपये, त्या म्हातारीला. पुडी तिच्याकडंच राहिली.